जिथे अडलो तिथेच विषय

साहित्यावर निबंध लिहायचा म्हटलं की कागदावर पहिल्यांदा जे विषय येतात ते बहुतेक ठरलेले असतात. अमुक कादंबरीतलं ग्रामीण जीवन, तमुक नाटकातली स्त्री, कवीची निसर्गदृष्टी, नायकाचं एकाकीपण. मी साहित्य शिकवते, त्यामुळे असे टॉपिक माझ्यापुढे सतत येत असतात, आणि ते आणणारी मुलं आळशी नसतात हे मला आधीच सांगून टाकायचंय. उलट बऱ्याचदा पुस्तक मनापासून वाचलेलं असतं, आवडलेलं असतं, आणि आवडलेल्या पुस्तकातलं काहीच सुटू नये म्हणून ती एक भलामोठा शब्द शोधतात ज्याच्यात सगळं मावेल. आता ज्यात सगळं मावतं त्यात दुसरं कुठलंही पुस्तक मावतं, अडचण तिथे आहे. 'ग्रामीण जीवन' या शब्दाखाली कितीतरी कादंबऱ्या बसतील, मग तू हीच का वाचलीस आणि वाचताना तुला काय झालं हे त्या निबंधात येणार कुठून?

मग सल्ला मिळतो की विषय नॅरो कर. सल्ला बरोबरच आहे, पण करायचं कसं ते कुणी धड सांगत नाही, आणि मग मुलं त्या मोठ्या शब्दाला कात्री लावत बसतात. ग्रामीण जीवन, मग ग्रामीण जीवनातील समस्या, मग ग्रामीण जीवनातील आर्थिक समस्या, मग अमुक कादंबरीच्या संदर्भात ग्रामीण जीवनातील आर्थिक समस्या : एक अभ्यास. शीर्षक लांब होत जातं, पण पुस्तक एक पाऊलही जवळ येत नाही, कारण या सगळ्या वेळात पुस्तक उघडलेलंच नसतं, नुसते शब्द हलवणं चाललेलं असतं. मला हे फार ठामपणे वाटतं की साहित्यावरच्या निबंधाचा विषय असा वरून कापत खाली आणता येत नाही. तो खालून, पुस्तकातल्या एखाद्या जागेवरून, वर यावा लागतो. आणि ती जागा म्हणजे वाचताना आपण जिथे अडलो ती.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. थॉमस डी क्विन्सी नावाच्या इंग्रज लेखकाने 1823 मध्ये शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावर एक छोटा लेख लिहिला. मॅकबेथ म्हणजे केवढं नाटक, सत्तेची हाव, अपराधी मन, चेटकिणी, नवरा-बायको, नियती, कशावरही लिहिता आलं असतं. त्याने लिहिलं दारावरच्या थापेवर. मॅकबेथ डंकन राजाचा खून करतो आणि लगेच किल्ल्याच्या दारावर कुणीतरी ठोठवायला लागतं, बस तेवढंच. लहानपणापासून तो आवाज आला की त्या खुनाला एक वेगळंच गांभीर्य, वेगळीच भीती चढते असं त्याला वाटायचं, आणि का ते कळायचं नाही. तो सरळ लिहितो की माझी बुद्धी मला सांगत होती की नुसत्या ठोठवण्याने असा परिणाम होण्याचं काहीच कारण नाही, पण मला तर तो जाणवत होता. त्याने जाणवण्यावर विश्वास ठेवला, बुद्धीवर नाही, आणि वर्षानुवर्षं तो प्रश्न तसाच मनात धरून ठेवला.

शेवटी त्याला जे उत्तर मिळालं ते असं, की खुनाच्या वेळी नाटकातलं रोजचं माणसांचं जग थांबलेलं असतं, मॅकबेथ आणि त्याची बायको माणसांच्या जगातून उठून कुठेतरी सैतानी जागेत गेलेली असतात, काळच थांबलेला असतो. आणि आपण त्या जागेत होतो हे आपल्याला कळतं कधी, तर बाहेरचं साधं जग दार ठोठावून परत आत यायला लागतं तेव्हा. आता बघा, या उत्तरात अपराधी मन आलं, नवरा-बायको आली, माणूसपण कशाने हरवतं तेही आलं. म्हणजे मोठ्या विषयांपैकी फारसं काही सुटलंच नाही, फक्त ते सगळं एका दाराच्या फटीतून आलं आणि म्हणून दिसलं. हा लेख काही पानांचाच आहे पण मॅकबेथबद्दल बोलणारी माणसं अजून त्याचा उल्लेख करतात.

अडणं म्हणजे काय हेही नीट बोललं पाहिजे, कारण मुलांना वाटतं अडणं म्हणजे न समजणं, आणि न समजलेलं कबूल करायची त्यांना लाज वाटते. अवघड शब्दापाशी अडणं वेगळं, तो प्रश्न डिक्शनरी उघडली की संपतो. मी म्हणते ते अडणं म्हणजे सगळं समजलंय आणि तरी काहीतरी राहिलंय. एखादं पात्र जे बोलेल असं वाटलं होतं ते बोललंच नाही. एखादी गोष्ट लेखकाने दोन ओळीत उरकली आणि आपल्याला वाटत राहिलं की इथे थांबायला हवं होतं, का नाही थांबला. एखादी क्षुल्लक वस्तू परत परत येते. शेवट पटला पण आवडला नाही, किंवा आवडला पण पटला नाही. या जागा पहिल्या वाचनात नुसत्या खुपतात आणि आपण पुढे जातो, कारण गोष्ट पुढे ओढत असते. दुसऱ्या वाचनात त्या सापडतात. त्यामुळे एकदाच वाचून विषय ठरवायला बसू नये असं मी अगदी आग्रहाने सांगते, आणि दुसरं वाचन हातात पेन्सिल घेऊनच करावं, मार्जिनमध्ये 'छान' 'सुंदर' असलं काही न लिहिता नुसतं 'का?' लिहावं. चारपाच 'का?' जमले की त्यातला एखादा तरी निबंधाचा विषय असतोच.

एका विद्यार्थिनीचं सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तिने घेतली होती, 1955 साली पुस्तकरूपात आलेली छोटीशी कादंबरी. औंध संस्थानातली एक धनगरांची वाडी, तिथे शाळेवर नेमलेला तरुण मास्तर, तोच गोष्ट सांगतो. पोरं मेंढरांमागे रानात जातात म्हणून शाळा ओस, मग हळूहळू कारभाऱ्याच्या मदतीने ती भरते, मास्तर गावात मुरतो, गावाकडून एक तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. तिचा विषय होता, अर्थातच, 'बनगरवाडीतील ग्रामीण जीवनाचे चित्रण'. मी तिला म्हटलं, यातलं काही एक कमी कर. ती म्हणाली, "मॅडम, सगळंच महत्त्वाचं आहे ना, काय काढू?" आणि तिचं बरोबरच होतं, चांगल्या पुस्तकातून काय काढणार?

म्हणून मी प्रश्न बदलला. काढू नकोस काही, मला फक्त एवढं सांग की पुस्तक मिटल्यावर तुझ्या डोक्यात कुठली गोष्ट राहिली जिचं तुला नीट उत्तर देता येत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तालीम. "म्हणजे तो शाळामास्तर आहे ना, मग गावाला एकत्र आणायला त्याला तालीम का सुचावी? शाळा होतीच की. आणि गाव पण शाळेपेक्षा तालमीसाठी जास्त उठून उभं राहतं असं मला वाटलं, ते का?"

मला आठवतं, हे बोलताना तिचा आवाजच वेगळा झाला होता. ग्रामीण जीवनाबद्दल बोलताना ती गाइडमधली वाक्यं बोलत होती आणि इथे ती स्वतः बोलत होती. विषय सापडला की हे नेहमी होतं, आणि मला वाटतं मार्गदर्शन करणाऱ्याने त्याच्याकडेच कान ठेवून बसावं, बाकी काही करायची फार गरज पडत नाही.

मग आम्ही त्या प्रश्नाच्या मागे लागलो. ती म्हणाली की शाळा ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, सरकारने पाठवलेली, मास्तरसकट. तिच्यात गावाची पोरं येतात पण मोठी माणसं उंबऱ्याबाहेरच राहतात. तालमीला मोठ्यांचे हात लागतात, दगड-माती लागते, घराघरातून श्रम लागतात. म्हणजे शाळा मास्तरने गावाला दिली आणि तालीम गावाने मास्तरबरोबर केली, आणि म्हणून मास्तर गावाचा खऱ्या अर्थाने होतो तो तालमीच्या वेळी. आता हे एक विधान झालं. हे सिद्ध करावं लागेल, आणि खोडताही येईल. मी तिथेच खोडायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला तालमीत मास्तरची स्वतःची हौस जास्त दिसते, तरुण पोरगा आहे, आपल्या हातून गावात काहीतरी उभं राहावं असं त्याला वाटतंय, आणि गोष्ट तोच सांगतोय म्हणून गावाचा उत्साह आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसतो. ती चिडली. चिडून पुस्तक उघडलं आणि पानं शोधायला लागली. विषय पुरेसा नेमका झालाय की नाही हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे, की त्याच्यावर दोन माणसांना भांडता आलं पाहिजे आणि भांडण मिटवायला पुस्तकच उघडावं लागलं पाहिजे. 'बनगरवाडीत ग्रामीण जीवन आहे' यावर कोण कशाला भांडेल?

पुढे एक गंमतीदार मोह आला तोही सांगण्यासारखा आहे. तालीम म्हटल्यावर तिने औंध संस्थानाबद्दल वाचायला सुरुवात केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, शाळांतून त्याचा प्रसार केला. शिवाय 1939 मध्ये औंधने प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना केली ज्यात गांधीजींचा सल्ला होता. हे सगळं खरं आहे, वाचायला रंजक आहे, आणि तालमीच्या कल्पनेला त्याची पार्श्वभूमी असणारच. तिची पानंच्या पानं भरली. आणि विषय पुन्हा फुगला, फक्त आता साहित्याऐवजी इतिहासाच्या बाजूने. कुठे थांबायचं याचा मी तिला एकच हिशेब सांगितला, की ही माहिती वाचून कादंबरीतला एखादा प्रसंग तुला वेगळा दिसायला लागला का? लागला असेल तर तेवढी ठेव, प्रसंगाच्या शेजारी दोन वाक्यांत. बाकीचा दुसरा निबंध आहे, तो नंतर कधीतरी लिही, वहीत जपून ठेव. तिने सूर्यनमस्कार ठेवले आणि घटना सोडली. मी असते तर कदाचित उलटं केलं असतं, कारण गावाने मिळून काही ठरवणं आणि करणं हा धागा मला घटनेतही दिसतो. पण निबंध तिचा होता.

छोटी कलाकृती घेतली की विषय आपोआप छोटा होतो असंही अनेकांना वाटतं आणि म्हणून मुलं कविता निवडतात. तसं होत नाही. बालकवींची 'औदुंबर' आठ ओळींची आहे आणि तिच्यावरही 'बालकवींचे निसर्गप्रेम' असा अवाढव्य विषय घेता येतो, नव्हे, तोच घेतला जातो. आठ ओळी दोन वाक्यांत संपतात आणि उरलेली पानं बालकवींच्या चरित्राने भरतात. आता त्याच आठ ओळींपाशी जरा बसा. दोन्ही तटांवर हिरवळ, बेटांमधून वाहणारा झरा, टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी, त्यातून आडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट, ती पोचते काळ्या डोहाकडे, आणि तिथे पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. मला कितीतरी वेळा वाचल्यावर एक गोष्ट खुपायला लागली ती अशी, की या चित्रात माणूसच नाही. घरं आहेत, घरात कुणी दिसत नाही. शेतं आहेत, शेतात कुणी नाही, गर्दी म्हणून आहे ती शेतमळ्यांचीच. वाट आहे, आणि वाट तर माणसांच्या चालण्यानेच पडते, पण तिच्यावरून चालतंय कोण, तर ती वाटच चालतेय, 'चालली काळ्या डोहाकडे'. आणि सगळ्यात शेवटी पाय येतात ते झाडाला. माणसाच्या सगळ्या क्रिया कवितेत आहेत, गर्दी करणं, चालणं, बसणं, फक्त माणूस काढून घेतलाय. का? माणसाने केलेल्या सगळ्या गोष्टी ठेवून माणूस नेमका का नाही, आणि तो नाही म्हणून त्या काळ्या डोहाशी बसलेलं झाड एवढं माणसासारखं वाटतं का? आता हा प्रश्न घेऊन पानंच्या पानं लिहिता येतील आणि त्यातलं एकही वाक्य दुसऱ्या कवितेला चिकटवता येणार नाही.

पण खुपलेला प्रत्येक प्रश्न विषय होत नाही, हेही खरं. काही प्रश्न पुस्तकाच्या बाहेर निघून जातात आणि परत येत नाहीत. मॅकबेथमध्येच, लेडी मॅकबेथ एका ठिकाणी म्हणते की मी मूल पाजलेलं आहे, आणि नाटकात तिचं मूल कुठेही दिसत नाही. एल. सी. नाइट्स या समीक्षकाने 1933 मध्ये एक निबंध लिहिला ज्याचं नावच 'लेडी मॅकबेथला मुलं किती होती?' असं आहे, आणि आत त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्नही नाही, कारण असले प्रश्न विचारणाऱ्या समीक्षेलाच त्याचा विरोध होता. पात्रं म्हणजे आपल्या ओळखीची माणसं असल्यासारखं त्यांचं पूर्वायुष्य शोधत बसू नका, नाटक ही कविता म्हणून वाचा, असं त्याचं म्हणणं. मला ते बऱ्याच अंशी पटतं पण पूर्ण नाही. मुलं किती होती हा प्रश्न निकामी आहे कारण नाटकात त्याचं उत्तर कुठेच नाही. पण दिसतच नसलेल्या मुलाचा उल्लेख तिने नेमका नवऱ्याला खुनासाठी तयार करतानाच का करावा, हा प्रश्न तितकाच छोटा आहे आणि त्याचं उत्तर नाटकाच्या आत शोधता येतं, नाटकातल्याच बँको आणि मॅकडफ या पात्रांच्या मुलांपर्यंत जाता येतं. म्हणजे पुष्कळदा प्रश्न टाकून द्यावा लागत नाही, 'काय घडलं असेल' ऐवजी 'हे इथेच का सांगितलं' असं विचारलं की तो परत पुस्तकात येतो.

थोडं हिशेबाचंही बोलते, कारण मुलांना शेवटी शब्दमर्यादा पाळायचीच असते. समजा 1500 शब्दांचा निबंध आहे. सुरुवात आणि शेवट मिळून 300 जातात. उरले 1200. एक उतारा घ्यायचा, तो द्यायचा, त्याच्यात काय चाललंय ते नीट दाखवायचं, मग आपलं म्हणणं त्याला जोडायचं, यात 250-300 शब्द सहज लागतात. म्हणजे फार तर चारपाच जागा. अख्ख्या कादंबरीतल्या चारपाच जागा! हे एकदा कळलं की विषय केवढा असावा हे वेगळं सांगावं लागत नाही, ज्या प्रश्नाला चारपाच जागांवर नीट तपासता येईल तेवढाच. आणि त्या जागांमध्ये एक तरी अशी हवी जी आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. तालमीच्या निबंधात दुष्काळ तसा होता. हातांनी एकत्र आलेलं गाव पाऊस न पडल्यावर पांगतं, मग त्या एकत्र येण्याचं काय राहिलं? तिला तो भाग आधी गाळायचा होता कारण तो तिच्या मताला अडचणीचा होता. मी गाळू दिला नाही.

छोट्या विषयाची मुलांना जी भीती वाटते ती मात्र मला नेहमी हलवून जाते. त्यांना वाटतं एवढ्याशा गोष्टीवर लिहिलं तर आपण पुस्तकाला न्याय दिला नाही असं होईल, किंवा लोक म्हणतील याला एवढंच दिसलं. अशा वेळी मी त्यांना एरिक आउरबाख यांच्याबद्दल सांगते. ज्यू असल्यामुळे 1935 मध्ये जर्मनीतली प्राध्यापकी गेली, मग इस्तंबूलला गेले, आणि युद्ध चालू असताना 1942 ते 1945 या काळात तिथे 'मिमेसिस' लिहिलं, 1946 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाश्चात्त्य साहित्यात वास्तव कसकसं रंगवलं गेलं, होमरपासून विसाव्या शतकापर्यंत, एवढा त्याचा पल्ला. आणि सुरुवात कुठून, तर एका व्रणापासून. होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसिअस वीस वर्षांनंतर वेष बदलून घरी आलाय, म्हातारी दाई त्याचे पाय धुतेय, आणि मांडीवरच्या जुन्या व्रणाला हात लागून ती त्याला ओळखते. आता पुढे काय होणार म्हणून आपण श्वास रोखलेला असतो आणि होमर तिथेच थांबून तो व्रण लहानपणी डुकराच्या शिकारीत कसा झाला ते सावकाश, तपशीलवार सांगत बसतो. आउरबाख विचारतात, हा इथे का थांबतो? आणि त्याच्या शेजारी ते बायबलमधला अब्राहाम ठेवतात, मुलाचा बळी द्यायला निघालेला, जिथे वाटेचं, चेहऱ्यांचं, मनातलं जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. एक गोष्ट सगळं उजेडात मांडणारी, दुसरी जवळजवळ सगळं अंधारात ठेवणारी. पुढे प्रकरणामागून प्रकरण तसंच, आधी एक उतारा, मग त्यातून वर येणारं सगळं. पुस्तकाच्या शेवटी ते म्हणतात की इस्तंबूलमध्ये मोठं ग्रंथालय हाताशी नव्हतं म्हणूनच कदाचित हे पुस्तक होऊ शकलं, सगळं उपलब्ध असतं तर लिहिण्यापर्यंत पोचलोच नसतो.

हे ऐकल्यावर मुलं थोडी सैलावतात. मग मी म्हणते की शीर्षक आत्ता लिहूच नका, वर जागा सोडा आणि फक्त प्रश्न लिहा, प्रश्नचिन्हासकट, तुमच्या बोलण्यातल्या भाषेत. लिहिता लिहिता तिसऱ्याचौथ्या पॅराग्राफला तो प्रश्न बदलतो, हमखास बदलतो, तेव्हा घाबरून पहिल्या प्रश्नाला चिकटून राहू नका, मागे जाऊन वरची ओळ खोडा आणि नवी लिहा. तालमीवाल्या मुलीने सबमिट करायच्या आदल्या रात्री मला मेसेज केला होता, तिचा प्रश्न आता तालमीचा राहिला नव्हता, मास्तर गाव रिकामं होताना बघतो तेव्हा तो गावकरी म्हणून बघतो की मास्तर म्हणून, असा झाला होता. "आता सगळं परत लिहावं लागेल का?" तिने विचारलं. मी लिहिलं, सगळं नाही, पहिला पॅराग्राफ आणि दुष्काळाचा. मला वाटलं उत्तर येणार नाही, पण रात्री उशिरा आलं, त्यात नुसता एक पान नंबर होता आणि पुढे 'का?'